सक्तीची मिलिटरी : भाच्यासाठी की देशासाठी?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं आहे की त्यांचा भाचा १९ वर्षांचा आहे, कॉलेजला नाव घातलंय पण जात नाही, रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी दहाला उठणं, घरात कुणाला जुमानत नाही, आणि अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. तर इस्रायल, कोरियासारखी आपल्याकडे प्रत्येकाला दोन वर्षं मिलिटरी सक्तीची का करत नाहीत, आणि फौजेत राहिलेल्या माणसांना याबद्दल काय वाटतं? खाली बऱ्याच जणांनी "झालीच पाहिजे" नाहीतर "ही काय हुकूमशाही आहे का" अशी एका ओळीत उत्तरं दिलीत. मी जरा लांबड लावणार आहे, सवड असेल तर वाचा.

माझं सांगायचं तर २८ वर्षं इन्फंट्रीत काढली, शिपाई म्हणून गेलो आणि सुभेदार होऊन घरी आलो. त्यातली सहा वर्षं, दोन टप्प्यांत, ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो, म्हणजे गावाकडून आलेल्या रंगरुटाचा शिपाई करायचं काम. रेजिमेंटचं नाव मुद्दाम टाकत नाही. आता सातारा जिल्ह्यात पहाटे भरतीच्या पोरांचं ग्राउंड घेतो. त्यामुळे मी जे लिहितोय ते उस्तादाच्या बाजूने, जनरल लोकांचं किंवा टीव्हीवर येणाऱ्या तज्ज्ञांचं मत वेगळं असू शकतं.

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. भाच्याला वळण कसं लावायचं हा एक, आणि देशाला कसली फौज पाहिजे हा दुसरा. लोक या दोन्हीची कायम खिचडी करतात. लग्नात, पारावर, एसटीत, मी फौजी आहे कळलं की समोरचा म्हणतोच, "सुभेदारसाहेब, या पोरांना दोन वर्षं बॉर्डरवर टाका, बघा कशी सरळ होतात." मी पूर्वी हसून मान डोलवायचो. आता विचारतो, बॉर्डर म्हणजे काय सुधारगृह आहे का? तिथे माझ्या बाजूच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, जो बसणार त्याच्यावर मी रात्री विश्वास ठेवून झोपणार आहे. तुमचं घरात न ऐकणारं पोरगं मला तिथे कशाला पाहिजे?

एक प्रसंग सांगतो. फायरिंग रेंजवर शंभर मीटरची फायर चालू होती, सहा-सहा पोरांची डिटेल लेटून फायर करते आणि बाकीची मागे रांगेत बसलेली असतात. एका पोराच्या इन्सास रायफलला रोक आली, म्हणजे गोळी अडकली. अशा वेळी रायफल टार्गेटकडेच ठेवायची आणि हात वर करायचा, हे आम्ही महिनाभर घोकून घेतलेलं असतं. या पठ्ठ्याने काय करावं, रायफल घेऊन उठला आणि वळला माझ्याकडे, "उस्ताद, ये चल नहीं रही." बोट ट्रिगरवर, बॅरल मागे बसलेल्या पंधरा-वीस पोरांकडे. मी झेप घेऊन बॅरल जमिनीकडे दाबलं तेव्हा माझा तळहात भाजला, इतकं ते गरम होतं. गोळी सुटली नाही हे नशीब. नंतर रिवाजाप्रमाणे त्याला रगडा दिला, म्हणजे अंग मोडेपर्यंत कसरतीची शिक्षा, आणि संध्याकाळी बाजूला बसवून विचारलं तेव्हा म्हणाला, "उस्ताद, मला यायचंच नव्हतं. वडील फौजेत होते, त्यांनी भरतीला उभं केलं. मला हॉटेल मॅनेजमेंट करायचं होतं." पोरगं वाईट नव्हतं हो, पळायला तर प्लाटूनमध्ये पहिला होता. पण मन तिथे नव्हतं, आणि मन नसलं की शिकवलेलं कानावरून जातं. शेवटी त्याने लिहून दिलं आणि घरी गेला. आता पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, दसऱ्याला फोन करतो.

आता बघा, आपली फौज ऐच्छिक असून पण प्लाटूनमागे असा एखादा सापडायचाच. सक्ती केली तर अर्धी प्लाटून अशी असेल.

आणि उस्ताद म्हणून एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. रंगरुटावर आमचा सगळ्यात मोठा धाक कसला असतो? रगड्याचा नाही, पाठीवर पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी, लावून पळवण्याचा पण नाही, त्याची पोरांना आठ दिवसांत सवय होते. खरा धाक असतो "घर भेज दूँगा" या तीन शब्दांचा. हे ऐकलं की धिप्पाड पोरगं पण रडकुंडीला येतं, कारण गावात पेढे वाटून आलेलं असतं, आईने ओवाळलेलं असतं, आता परत कुठल्या तोंडाने जाणार. आता सक्तीने आणलेल्या पोराला मी काय सांगू? घरी पाठवीन म्हटलं तर तो बिस्तरा बांधून तयारच बसेल. मग त्याच्यासाठी धाक कुठून आणायचा? जेल नाहीतर मार, तिसरा उपाय उरत नाही. रशियात बघा, तिथे जुन्या शिपायांनी नव्या पोरांचा छळ करायचा याला देदोवश्चिना असा वेगळा शब्दच पडलाय, इतकं ते मुरलेलं होतं. २००८ पासून त्यांनी सक्तीची मुदत एक वर्षावर आणली त्यामागे हे पण एक कारण होतं. शिस्त लागते म्हणून सक्ती करा म्हणणाऱ्यांनी हे डोक्यात घ्यावं, की आमच्याकडची शिस्त ही पोरगं स्वतःहून आलंय या पायावर उभी आहे. पाया काढला तर वर उरते ती फक्त दहशत.

आता हिशोब करू. आपल्याकडे दरवर्षी अंदाजे सव्वा कोटी मुलगे अठरा वर्षांचे होतात. मुलींचं बाजूला ठेवू, त्यावर वेगळं भांडण होईल. दोन वर्षांची सेवा म्हटली तर कुठल्याही क्षणी अडीच कोटी पोरं वर्दीत. आपली आख्खी आर्मी बारा लाखांच्या आसपास आहे. आमच्याकडे चाळीसेक रंगरुटांमागे चार-पाच उस्ताद असायचे, म्हणजे दहाला एक धरा. सव्वा कोटी पोरांना साडेबारा लाख उस्ताद लागतील, म्हणजे बॉर्डर मोकळी सोडून अख्खी आर्मी उस्तादगिरी करायला आणली तरी पुरणार नाही. पैशाचं बघा, पगार नको, नुसता हातखर्च म्हणून महिना दहा हजार दिले तरी अडीच कोटी पोरांचे वर्षाला तीन लाख कोटी होतात. २०२४-२५ चं सगळं संरक्षण बजेट ६.२१ लाख कोटींचं होतं आणि त्यातले १.४१ लाख कोटी पेन्शनला. म्हणजे निम्मं बजेट नुसत्या हातखर्चात गेलं, अजून जेवण, बूट, बराकी, गोळ्या धरल्याच नाहीत. यावर कुणी म्हणेल की सगळे अनफिट कापा, निम्मे जातील. जाऊ देत, तरी गणित बसत नाही.

मग म्हणाल सगळ्यांना नको, चिठ्ठ्या टाकून लाखभरच घ्या. पण लाखभर पाहिजेत तर ते स्वतःहून यायला रांगेत उभे आहेत की! माझ्याच ग्राउंडवर पहाटे साठ-सत्तर पोरं असतात, त्यातली पाच-सहा लागली तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. पूर्वी खुली भरती असायची तेव्हा आदल्या रात्री पोरं स्टेडियमच्या बाहेर फुटपाथवर पेपर टाकून झोपायची, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं, फेकलं गेलं की तशीच अनवाणी एसटी स्टँडला. कोविडमध्ये दोन वर्षं भरतीच झाली नाही, कितीतरी पोरांचं वय निघून गेलं. त्यातला एक आमच्या गावात दुधाचा टेम्पो चालवतो, अजून पहाटे पळतो, सवय म्हणून. त्याला तुम्ही सांगा की ज्याला यायचं नाही त्याला सरकार पकडून नेणार आहे आणि तुझं वय झालंय. काय म्हणेल तो?

बरं, दोन वर्षांत शिपाई तयार होतो का हा पण प्रश्न आहे. माझ्या वेळी ट्रेनिंगमध्येच नऊ महिने जायचे. शिपायाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. ट्रेनिंग आणि सुट्ट्या वजा केल्या तर हातात राहतं जेमतेम वर्ष. त्यात पलटण उंचावर असेल तर आधी हवामानाला जुळवून घ्यायला सहा दिवस, चार दिवस, परत चार दिवस असे टप्पे, ते टाळले तर माणूस फुफ्फुसात पाणी होऊन जातो. पोरगं रस्ते, नाले, शेजारच्या पोस्टवरची माणसं ओळखायला लागेपर्यंत त्याची जायची तारीख येणार. माझ्या अनुभवाने शिपाई खऱ्या अर्थाने कामाचा होतो तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी. अग्निपथवर पण माझा आक्षेप इथेच आहे. जून २०२२ मध्ये भरतीची ही योजना आली, पोरं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घ्यायची, त्यातले २५ टक्के ठेवणार, बाकीच्यांना सेवा निधीचे पावणेबारा लाखांच्या आसपास देऊन घरी. ती सक्ती नाही, पोरं हौसेने जातात, माझीच किती गेलीत. पण पिकायला लागलेला आंबा आम्ही चौथ्या वर्षी उतरवतो आणि परत कैरी लावतो असं मला वाटतं. माझ्या सोबतचे काही जण म्हणतात फौज तरुण राहते, पेन्शनचा बोजा कमी होतो, त्यात पण तथ्य आहे. या विषयावर आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर इतकी भांडणं झालीत की ॲडमिनने विषयच बंद केला, म्हणून इथे थांबतो.

आता दुसरी बाजू. कारण वर वाचून वाटेल की सुभेदार एकदम विरोधात आहेत, तसं नाही.

सक्तीच्या बाजूचा जो मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही तो म्हणजे कुणाची पोरं जातात हा. आपली फौज ऐच्छिक आहे म्हणतो, पण इच्छा कुणाला होते? खटाव, माण बाजूला जा, वर्षानुवर्षं पाण्याची बोंब, दोन एकर कोरडवाहू, तीन भाऊ. तिथल्या पोराची फौजेची इच्छा आणि कोथरूडमधल्या इंजिनिअरच्या पोराची अमेरिकेची इच्छा या दोन्ही इच्छाच, पण सारख्या नाहीत. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे, पण त्या वेळी घरात दुसरं काय खायला होतं हे पण विचारावं. आणि मग जे लोक युद्ध करा, घुसून मारा म्हणून टीव्हीवर ओरडतात त्यांच्यापैकी किती जणांचं पोरगं पुढच्या पोस्टवर आहे? सक्ती असती तर प्रत्येक आमदार-खासदाराच्या घरातला एक माणूस त्या नकाशावर असता, आणि निर्णय घेताना हात जरा जड झाला असता. हा मुद्दा मी मानतो. बडाखान्यात, म्हणजे पलटणीच्या एकत्र जेवणात, साहेब लोक आमच्या ताटात वाढतात तेव्हा छान वाटतं, पण साहेबाचं पोरगं आमच्या पोराच्या शेजारी शिपाई म्हणून जेवायला बसलंय हे मी २८ वर्षांत बघितलं नाही.

अडचण अशी की सक्ती असलेल्या देशांत पण हे होतंच असं नाही. अमेरिकेने व्हिएतनामच्या वेळी सक्तीची भरती केली तेव्हा कॉलेजात असेल त्याला सूट होती. म्हणजे ज्याच्या बापाकडे फी होती तो वाचला. त्यावरून इतकी बोंबाबोंब झाली की डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढायची वेळ आली, आणि १९७३ मध्ये सक्तीच बंद केली. आज तिकडे १८ ते २५ च्या मुलांना फक्त नाव नोंदवावं लागतं, ग्रीन कार्डवाल्यांना पण, त्यामुळे आपल्या मराठी घरांतली पोरं पण तो फॉर्म भरतात. इस्रायलमध्ये कट्टर धार्मिक ज्यूंना कित्येक वर्षं सूट होती, २०२४ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ती चालणार नाही म्हटलं आणि तिथे अजून त्यावरून रस्त्यावर राडे होतात. कोरियात बीटीएसच्या सातही पोरांना सेवा करावी लागली हे तुमच्या भाच्याला माहीत असेल, पण एशियन गेम्सचं सुवर्ण मिळालं की तिथे पण सुटका, फुटबॉलवाला सोन ह्युंग-मिन २०१८ मध्ये तसाच सुटला. आता आपल्याकडे काय होईल ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा. मेडिकल अनफिटचं सर्टिफिकेट किती रुपयांना मिळेल याचा रेट पहिल्या महिन्यात ठरेल. आरटीओला आठ काढून न दाखवता लायसन मिळतं अशा देशात मी राहतो, मला कुणी शिकवू नये. जो आज जातो तोच उद्या पण जाईल, फरक एवढाच की आज तो मान घेऊन जातो, उद्या पकडला गेला म्हणून जाईल.

दुसरा मुद्दा एकोप्याचा. सगळ्या जाती-धर्माची, राज्यांची पोरं एकत्र राहतील, एका लंगरात जेवतील. हे बऱ्याच अंशी खरं आहे, मी स्वतः अनुभवलंय, जात विचारणारा माणूस पलटणीत पहिल्या गस्तीनंतर गप्प होतो. पण लोकांना एक माहीत नसतं, की आपल्या बऱ्याच इन्फंट्री रेजिमेंट भागाप्रमाणे किंवा समाजाप्रमाणे उभ्या आहेत. मराठा, शीख, गोरखा, डोगरा, नावावरूनच कळतं. आमच्या पलटणीत लंगरात भाकरी-ठेचा मागितला की मिळायचा, याचा अर्थ आसामचं पोरगं आमच्या बराकीत नव्हतं. सगळ्या देशाचा काला करायचा असेल तर ही जुनी रचनाच मोडावी लागेल, आणि लढाईच्या वेळी हीच रचना कामाला येते असं मानणारे आमच्यात खूप आहेत.

तिसरा मुद्दा राखीव दलाचा, आणि इथे माझं मत गेल्या काही वर्षांत थोडं हललंय. पूर्वी वाटायचं आता लढाया दहा-पंधरा दिवसांच्या, कारगिल अडीच महिने चाललं तेच खूप. पण युक्रेन बघितलं. तिथे वर्षानुवर्षं चाललंय, माणसं कमी पडली म्हणून एप्रिल २०२४ मध्ये भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव लोक बोलवायचं जाहीर केलं तर लोक गाड्या घेऊन सीमेकडे पळाले. इस्रायलने ऑक्टोबर २०२३ मध्ये काही दिवसांत तीन लाखांवर राखीव सैनिक उभे केले, कारण प्रत्येक घरात शिकलेला माणूस होता. म्हणजे शिकलेली माणसं हाताशी पाहिजेत हे खरं. पण आपल्याकडे दरवर्षी हजारो जवान रिटायर होऊन तिशी-चाळिशीत घरी येतात, आता अग्निवीर पंचविशीच्या आतच येतील. ते बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसतात. राखीव दल आपल्याकडे तयारच आहे, फक्त त्याची नीट वही ठेवून वर्षातून पंधरा दिवस बोलावून हात चालू ठेवायला पाहिजेत. त्यासाठी तुमच्या भाच्याला सक्ती करायची काय गरज?

हे सगळं देशाच्या परिस्थितीवर आहे हे कबूल करतो. माझा देश पन्नास लाख लोकवस्तीचा असता आणि शेजारी माझ्या पन्नास पट मोठा असता तर मी पण म्हणालो असतो, प्रत्येकाने शिका. सिंगापूरने १९६७ पासून सक्तीची सेवा ठेवलीय, आता दोन वर्षांची, ती याचसाठी. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब तिथे आहे, आईवडील नोकरीसाठी गेले, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना घेतला, आणि पीआर असलेल्या त्यांच्या मुलाला सेवा लागू झाली. आई आधी खूप रडली, आता तिथल्या वर्दीतला फोटो डीपीला आहे. तिथल्या माणसाला ते पटतं कारण त्याला दिसतं की दुसरा पर्याय नाही, आणि मंत्र्याचा मुलगा पण सुटत नाही. स्वीडनने २०१७ मध्ये सक्ती परत आणायचं ठरवलं, पण त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. अठराच्या सगळ्या मुलामुलींकडून फॉर्म भरून घेतात, त्यातल्या काहींना तपासणीला बोलावतात, त्यातलेही मोजके निवडतात आणि शक्यतो ज्याला हौस आहे त्याला घेतात. म्हणजे नाव सक्तीचं आणि आत भरतीच.

आपल्या कायद्याचं कुणीतरी खाली विचारलंय म्हणून सांगतो. घटनेच्या २३ व्या अनुच्छेदात वेठबिगारीला बंदी आहे, पण त्याच्याच दुसऱ्या भागात लिहिलंय की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेदभाव करायचा नाही. म्हणजे उद्या सरकारने ठरवलं तर वाट मोकळी आहे. तरीही सैन्यात सक्ती आपण कधी केली नाही, १९६२ नंतर पण नाही. गंमत म्हणजे इंग्रजांनी १९१७ मध्ये इथे सक्तीचा कायदा केला तो इथल्या युरोपियन लोकांसाठी, आपल्या माणसाला ऐच्छिक होतं. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज २५ लाखांवर गेली ती पण सक्ती न करता. पहिल्या महायुद्धात पंजाबात मात्र कोटे लावून, दमदाटी करून माणसं उचलली होती आणि त्याचा राग तिथे नंतर बरीच वर्षं धुमसत राहिला.

सक्ती आपण केली ती एनसीसीची. १९६३ ला कॉलेजात सक्तीची केली, १९६८ ला परत ऐच्छिक. आमचे मामा त्या वेळी कोल्हापूरला कॉलेजात होते. ते सांगायचे की परेडला तीनशे पोरं आणि शिकवणारा एक हवालदार, रायफली लाकडाच्या, बूट अर्ध्यांनाच, हजेरीला एकजण चार जणांचं "यस सर" म्हणायचा आणि बाकीचे रंकाळ्यावर. मामांना आयुष्यभर "दाहिने मूड" एवढंच आलं. आणि हीच एनसीसी हौसेने केलेलं पोरगं आज माझ्याकडे येतं तेव्हा पहिल्या दिवसापासून वेगळं दिसतं, बुटाची लेस आत खोचलेली असते, उभं राहणं वेगळं असतं. एकच अभ्यासक्रम, एकच परेड, फरक फक्त कोण आलंय आणि कुणाला आणलंय याचा.

आता ताई, भाच्याचं. तो १९ चा आहे म्हणजे अग्निवीरला अजून वेळ आहे, पण तो विषय आत्ता काढूच नका. कॉलेजात नाव आहे ना, तिथे एनसीसी असेल तर चौकशी करा. सी सर्टिफिकेट झालं तर भरतीत बोनस मार्क मिळतात, ऑफिसर व्हायचा पण एक रस्ता त्यातून आहे, आणि काहीच नाही झालं तरी दोन-चार कॅम्पला जाऊन स्वतःचा डबा स्वतः घासायला शिकेल. पुढे नोकरी-धंद्याला लागला आणि हौस वाटली तर टेरिटोरियल आर्मी आहे, त्यात नोकरी सांभाळून करता येतं, वयाची अट ४२ पर्यंत.

रात्री दोनपर्यंत मोबाईल आणि सकाळी दहाला उठणं याला मी फार मोठा रोग मानत नाही. माझ्या ग्राउंडवरची निम्मी पोरं पहिल्या आठवड्यात असलीच होती. जेवणाआधी विचारा त्याला, जेवल्यावर नाही, की तुला नक्की काय करायचंय. आमच्या त्या रेंजवरच्या पोराला अठरा वर्षांत हे एकदा पण कुणी विचारलं नव्हतं. किचन म्हणाला तर किचन, मोबाईल रिपेअरिंग म्हणाला तर ते.

आणि फौज म्हणाला तर पाठवा. कुठल्याही तालुक्याला माझ्यासारखा एखादा रिटायर फौजी ग्राउंड घेत असतोच. आमची फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, पहाटे पावणेपाचला असते. फक्त एक, तुम्ही त्याला गाडीवर बसवून आणून सोडू नका. अलार्म त्याचा त्याने लावायचा, आणि चालत यायचं.